डॉ. प्रफुल्लकुमार सेन

दौलताबादचा किल्ला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तेथील अंधारी आठवत असेल. कातळाच्या पोटात खोदलेल्या त्या वळणावळणाच्या वाटेत शिरलेला शत्रू चाचपडत राही व पहारेकऱ्यांच्या हाती सापडे. पण त्या काळोखात एखादा मित्र मदतीस आला, तरी तो ओळखू यावा कसा? मनुष्याचे शरीरही असेच एक दुर्ग आहे. रोगजंतू आत शिरताच रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांवर तुटून पडतात. परंतु निकामी झालेल्या अवयवाच्या जागी दुसऱ्याचा निरोगी अवयव बसविला, तर त्यासही त्या परका समजून नष्ट करू पाहतात. १९५४ साली अमेरिकेत बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले व ते टिकले, याचे कारण ते दोघे एकरूप जुळे होते. ज्यांना जुळा भाऊ नाही, त्यांनी काय करावे? अवयवरोपणाच्या या बिकट वाटेवर भारतात जे प्रथम चालले, त्यांत मुंबईचे शल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे अग्रणी होत.

सेन यांचा जन्म ७ डिसेंबर १९१५ रोजी कलकत्त्यास झाला. प्रारंभीचे शिक्षण नागपुरात झाल्यावर ते मुंबईस आले आणि परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. हे महाविद्यालय व त्यास जोडलेले के. ई. एम. रुग्णालय हीच पुढे त्यांची कर्मभूमी ठरली. मध्यंतरी अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात त्यांनी उच्च शिक्षण घेतले. छाती उघडून हृदयावर शस्त्र चालविणे ही गोष्ट तेव्हा आपल्या देशात अपूर्वाईची होती. परत आल्यावर सेन यांनी तीच विद्या परळला रुजविली.

नवी शस्त्रक्रिया माणसावर करण्यापूर्वी ती प्राण्यांवर पारखून घ्यावी, असा त्यांचा कटाक्ष असे. प्रयोगशाळेत कुत्र्यांची हृदये काढून पुन्हा जोडण्याचा अभ्यास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे केला. याच काळात सापाच्या हृदयाने त्यांचे लक्ष वेधून घेतले. आपल्या हृदयाच्या स्नायूंना रक्त मिळते ते बाहेरून आलेल्या धमन्यांतून. त्या तुंबल्या की स्नायू उपाशी राहतो. सापाच्या हृदयाचे स्नायू मात्र आतल्या पोकळीतील रक्तच छिद्राछिद्रांतून शोषून घेतात. मग माणसाच्या हृदयाच्या भिंतीस सुईने बारीक छिद्रे पाडली तर? ही कल्पना सेन व त्यांचे सहकारी किणरे, परुळकर व उडवाडिया यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. पुढे परदेशांत हेच काम सुईऐवजी लेसर किरणांनी करून पाहण्यात आले.

त्याच वर्षी मे महिन्यात के. ई. एम. रुग्णालयात भारतातील पहिले मूत्रपिंडरोपण झाले. मूत्रपिंडात कर्करोगाची गाठ झालेल्या एका रुग्णास मृत माणसाचे मूत्रपिंड बसविण्यात आले. रक्तवाहिन्या जोडण्याचे कसब शल्यविशारदांना साधले होते. शरीराचा विरोध आवरणारी खात्रीची औषधे मात्र जगातच फारशी नव्हती. स्थायी यश आले नाही.

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचे पहिले रोपण केले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, सेन यांनी परळला तीच शस्त्रक्रिया केली. अशी शस्त्रक्रिया करणारे ते जगातील चौथे शल्यविशारद. आगगाडीतून पडून जखमी झालेल्या एका तरुणीचे हृदय एका तरुण शेतकऱ्यास बसविण्यात आले. मेंदूचा मृत्यू म्हणजे माणसाचा मृत्यू, हे आपल्या कायद्यास तेव्हा मान्य नव्हते. म्हणून हृदय थांबल्यावरच त्यास हात लावावयाचा आणि तेच हृदय दुसऱ्याच्या छातीत चालते करावयाचे, असा हा दुर्घट प्रसंग होता. नवे हृदय चालू झाले. पण रुग्ण तीन तासांतच दगावला. शरीराने परक्या अवयवाचा द्वेष करावा, एवढाही अवधी मिळाला नाही. दीर्घ आजाराने रुग्णाच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब फार वाढला होता व तो पेलणे नव्या हृदयास जमले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात सेन यांनी पुन्हा प्रयत्न केला. दुसरा रुग्ण चौदा तास जगला.

चौदा तास! हिशेब मांडणाऱ्यास हा आकडा क्षुल्लक वाटेल. अशा शस्त्रक्रिया कराव्यात की नाहीत, याविषयी त्या वर्षी जगभर वाद माजला होता आणि बहुतेक देशांतील शल्यविशारदांनी लवकरच त्यांतून अंग काढून घेतले. सेन यांनीही तिसरा प्रयत्न केला नाही. परंतु हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या इतर शस्त्रक्रिया करणारी शिष्यांची पिढी त्यांनी परळला घडविली. शस्त्र खाली ठेवले की हा मनुष्य कुंचला हाती घेई. त्यास चित्रकलेचा व काव्याचाही नाद होता.

१९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात जिवंत दात्याचे मूत्रपिंड रोपण्यात यश आले. १९८० नंतर सायक्लोस्पोरिन हे औषध सर्वत्र वापरात आले आणि शरीराचे पहारेकरी काहीसे सौम्य झाले. १९९४ साली संसदेने अवयवरोपणाचा कायदा संमत करून मेंदूच्या मृत्यूस मान्यता दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीस डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केलेले हृदयरोपण यशस्वी झाले आणि रुग्ण चालत घरी गेला. परळच्या त्या पहिल्या शस्त्रक्रियेस तेव्हा सव्वीस वर्षे लोटली होती. सेन १९८२ सालीच निवर्तले होते.