गायक पॉल रोबसन

शीतयुद्धाचा धडा वर्गात काढला म्हणजे मुलांच्या मुद्रा उतरतात, असा आमचा पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे. त्यात त्यांचा दोष तो काय? अमेरिका आणि सोव्हिएत रशिया ही दोन बलाढ्य राष्ट्रे चाळीसांहून अधिक वर्षे एकमेकांवर अस्त्रे रोखून उभी राहिली. समोरासमोर मात्र कधी लढली नाहीत. जे घडलेच नाही त्याची भीती मुलांस कशी कळावी? म्हणून आम्ही तो काळ त्यांस एका गवयाच्या चरित्रातून सांगत आलो आहो.

पॉल रोबसन ह्यांचा जन्म न्यू जर्सी संस्थानातील प्रिन्स्टन गावी ९ एप्रिल १८९८ रोजी झाला. त्यांचे वडील जन्माने गुलाम. पंधराव्या वर्षी ते मळ्यातून पळाले, पुढे शिकून पदवीधर झाले आणि प्रेसबिटेरियन मंडळीचे पाळक झाले. १९०४ साली शेगडीतील निखारा वस्त्रावर पडून आई भाजून वारली. पॉल तेव्हा अवघा पाच वर्षांचा होता. अभ्यासात उत्तमाहून कमी असे काहीही त्या पित्यास चालत नसे. १९१५ साली पॉल शिष्यवृत्ती मिळवून रटगर्स महाविद्यालयात गेले. फूटबॉलच्या पहिल्याच सरावात त्यांच्याच संघातील गौरवर्णी गड्यांनी त्यांस नाक फुटेपर्यंत मारले. तरीही १९१७ व १९१८ अशी दोन वर्षे सर्व अमेरिकेतून निवडलेल्या संघात त्यांचे नाव आले. पुढे १९२३ साली ते कोलंबिया विद्यापीठाचे कायद्याचे पदवीधर झाले. परंतु कचेरीतील लघुलेखिकेने कृष्णवर्णीयाच्या तोंडचा मजकूर लिहून घेण्याचे नाकारले, तेव्हा त्यांनी वकिलीच सोडली. संगीताचा त्यात लाभच झाला म्हणावयाचा!

१९२५ साली न्यू यॉर्कमध्ये लॉरेन्स ब्राउन ह्या पियानोवादकासह त्यांनी एक जलसा केला. त्यात केवळ कृष्णवर्णीयांचीच गीते होती. गुलामांनी मळ्यांत रचलेली, इस्राएल लोकांच्या मिसरातील दास्याच्या आडून स्वतःचे दास्य सांगणारी ती भक्तिगीते त्यांनी सभागृहात मानाने उभी केली. १९२८ साली लंडनच्या रंगभूमीवर त्यांनी मिसिसिपी नदीवरचे एक गीत गायिले आणि ते त्यांच्या नावाशी कायमचे जडले. मूळ गीतात हताश मजुराचे उसासे होते. रोबसन ह्यांनी पुढे शब्द पालटून त्यास झुंजाराचे गीत केले. आसामचे भूपेन हजारिका कोलंबिया विद्यापीठात शिकत असता त्यांच्या सहवासात आले. हजारिकांनी गंगेस विचारलेला जाब आमच्या वाचकांनी हिंदीतून ऐकला असेल. त्याची प्रेरणा मिसिसिपीच्या ह्या गीतात आहे.

इंग्लंडात असता वेल्सच्या खाणकामगारांशी त्यांचा स्नेह जुळला. १९३४ साली ते प्रथम रशियास गेले. तेथे वर्णावरून कोणी हिणविले नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात खोल रुजली. महायुद्धात रशिया अमेरिकेचा मित्र होता, तोवर त्यांच्या रशियन गीतांस अमेरिकेत टाळ्या पडत. युद्ध संपले, मित्र शत्रू झाला, आणि तीच गीते त्याच कंठातून निघता राजद्रोहाची वाटू लागली. १९४९ च्या ऑगस्टात पीकस्किल गावाजवळचा त्यांचा जलसा दंगलखोरांनी उधळला. सप्टेंबरात तो पुन्हा ठरविला व पारही पडला. परंतु परतणाऱ्या श्रोत्यांच्या मोटारींवर दगडांचा वर्षाव होऊन शंभरांहून अधिक माणसे जखमी झाली. सभागृहांची दारे बंद झाली. १९५० साली सरकारने त्यांचा पासपोर्ट काढून घेतला. आपण कम्युनिस्ट नाही असे लिहून द्या, म्हणजे तो परत मिळेल, असे त्यांस सांगण्यात आले. त्यांनी ते लिहून दिले नाही.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. १९४९ च्या जूनमध्ये मॉस्कोत त्यांनी आपला यहुदी कविमित्र फेफर ह्याच्या भेटीचा आग्रह धरला. फेफर तेव्हा तुरुंगात होता. त्यास भेटीपुरते बाहेर आणले गेले. त्यानंतरच्या जलशात रोबसन ह्यांनी यहुद्यांच्या प्रतिकाराचे गीत यिडिश भाषेत गायिले. परंतु मायदेशी परतल्यावर, रशियात यहुद्यांचा छळ होत नाही, असेच ते सांगत राहिले. १९५२ साली फेफरला गोळी घालण्यात आली. इतक्या सत्यप्रिय पुरुषाने येथे मौन का धरिले? स्वदेशातील शत्रूंच्या हाती शस्त्र देऊ नये, हा त्यांचा हेतू असावा. तो आम्हांस समजतो, पटत मात्र नाही.

मे १९५२ मध्ये अमेरिका व कॅनडा ह्यांच्या सीमेवरील शांति-कमानीपाशी एका मालमोटारीच्या पाठीवर उभे राहून ते गायिले. पाय अमेरिकेच्या भूमीवर होते. आवाज पलीकडील हजारो कॅनडावासीयांपर्यंत गेला. सरकारला माणूस अडविता आला. आवाज अडविण्याची सोय नव्हती. अटलांटिक सागराच्या तळाशी घातलेली टेलिफोनची तार १९५६ साली सुरू झाली होती. १९५७ च्या ऑक्टोबरात त्याच तारेवरून न्यू यॉर्कहून त्यांनी वेल्समधील पोर्थकॉल येथे जमलेल्या खाणकामगारांस गाणे ऐकविले, आणि कामगारांनी समूहस्वरांत गाऊन त्यांस उत्तर दिले. भौतिकशास्त्राच्या तासास हे उदाहरण आम्ही अनेकदा दिले आहे.

एप्रिल १९५८ मध्ये त्यांचा साठावा वाढदिवस भारतातही साजरा झाला. त्यासाठी नेमलेल्या समितीचे पुढारीपण मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छगला ह्यांजकडे होते, आणि पंतप्रधान नेहरूंनी त्यांचा जाहीर गौरव केला. त्याच जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, मतांमुळे पासपोर्ट नाकारण्याचा अधिकार परराष्ट्रमंत्र्यास नाही, असा निकाल अन्य दोघांच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी दिला. आठ वर्षांनी रोबसन परदेशी निघाले.

पुढे प्रकृती ढासळली, आणि शेवटची वर्षे त्यांनी बहिणीच्या घरी एकांतात काढली. २३ जानेवारी १९७६ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांचे देहावसान झाले. हार्लेममधील ज्या चर्चमध्ये त्यांचे बंधू पाळक होते, तेथे अंत्यविधी झाला. महाविद्यालयीन फूटबॉलच्या गौरवमंदिरात मात्र त्यांचे नाव १९९५ साली, म्हणजे मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी, घातले गेले.