नकलाकार ते टीव्हीचा निर्माता : पु. ल. देशपांडे

एस.टी.खाली म्हैस आली की काय होतं ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. गाडी थांबते, उतारू खाली उतरतात, म्हशीचा मालक धावत येतो. ड्रायव्हर म्हणतो जनावर अंगावर आलं, मालक म्हणतो गाडी अंगावर घातली. मग पोलीस, मग पुढारी, मग पंचनामा. रत्नागिरी-मुंबई रस्त्यावरची अशीच एक गोष्ट पु. ल. देशपांडे एकटे उभे राहून सांगायचे. गोष्टीतलं प्रत्येक माणूस स्वतःच व्हायचे, आवाज बदलायचे, मान वेगळी, हात वेगळे. शेवटी सगळ्यांचं भांडण रंगात आलेलं असताना म्हैसच उठते आणि चालू लागते. पंचनाम्याचा कागद हातातच राहतो. ज्यांनी सरकारी कागद लिहिलेत त्या तलाठी-ग्रामसेवक मंडळींना ही गोष्ट जरा जास्तच कळते, असा माझा अनुभव आहे.

पुलं जन्माने शहरी. ८ नोव्हेंबर १९१९ ला मुंबईत गावदेवीला जन्म, बालपण जोगेश्वरीत आणि मग पार्ल्यात. आजोबा, म्हणजे आईचे वडील, वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ नावाने लिहायचे. घरात वाचन होतं, गाणं होतं, पेटी होती. पैसा मात्र बेताचा. वडील गेले आणि घरची जबाबदारी अंगावर आली. शिकवण्या केल्या, कलेक्टर कचेरीत आणि प्राप्तिकर खात्यात कारकुनी केली, शाळेत मास्तरकी केली, पुढे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात प्राध्यापकीही केली. मधेच पुण्याच्या फर्ग्युसनला आणि सांगलीच्या विलिंग्डनला शिक्षण चालू होतं. कचेरीतले साहेब, कारकून आणि शिपाई हा सगळा माल त्यांनी तेव्हाच भरून ठेवला असणार. पुढे तो आयुष्यभर पुरला.

१९४६ साली १२ जूनला रत्नागिरीच्या सुनीता ठाकूर यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न झालं. थाटमाट नाही. या बाईंचं नाव पुढे पुन्हा येणार आहे, कारण पुलंचा हिशेब त्यांच्याच हातात राहिला.

नाटकाची आवड कॉलेजपासूनच. चिंतामणराव कोल्हटकरांच्या कंपनीत काम केलं आणि मग सिनेमाचा रस्ता धरला. ‘कुबेर’ १९४७ चा, ‘वंदे मातरम्’ १९४८ चा. ‘वंदे मातरम्’मध्ये नवरा-बायको दोघेही पडद्यावर होते. त्यानंतरची पाच-सहा वर्षं म्हणजे नुसती धावपळ. कुठे अभिनय, कुठे पटकथा, कुठे संवाद, कुठे संगीत. या सगळ्याचा कळस १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’त झाला. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि भोळ्याभाबड्या नायकाचं काम, सगळं एकट्याचं. आळंदीवरचं जे गाणं भीमसेन जोशींच्या आवाजात आज वारीत, सप्त्यात, काकड्याच्या वेळी देवळाच्या भोंग्यावर लागतं ते याच चित्रपटातलं. शब्द गदिमांचे, चाल पुलंची. पुष्कळांना तो कुणा संताचा अभंग वाटतो. वाटू द्या, त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

चित्रपट चालला, नाव झालं, आणि नेमकं तेव्हाच गड्याने सिनेमा सोडला. तेजीत असलेला बाजार सोडून कोण घरी जातो? पण हा गेला. विनोदी नट म्हणून त्याच त्या कामांत जन्म काढता आला असता. त्याऐवजी त्यांनी सरकारी नोकरी धरली, आकाशवाणीची. साल १९५५.

आता इथे शेतकरी वाचकांनी थोडं थांबावं. पुलं रेडिओत गेले त्याच सुमारास पुणे आकाशवाणीने एक मोठा प्रयोग केला होता. १९५६ च्या सुरुवातीला युनेस्कोच्या मदतीने पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ श्रोता मंडळं काढली गेली. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, गावातली पंधरा-वीस माणसं एकत्र बसून शेती, आरोग्य, पंचायत यांवरचे कार्यक्रम ऐकत, त्यावर बोलत, आणि त्यांचे प्रश्न परत केंद्राकडे जात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. ज्या गावांत मंडळं होती तिथं लोकांची माहिती चांगलीच वाढलेली दिसली. पुढे १९५९ पासून हीच योजना देशभर नेली. म्हणजे यंत्रातून येणारा आवाज गावाने नुसता ऐकायचा नाही, त्याला उलट विचारायचंही, हा धडा आपल्याच पाच जिल्ह्यांनी देशाला दिला. आज चावडीत कुणाला त्याची आठवणही नाही.

दिल्लीत टीव्ही आणायचं ठरलं तोही याच युनेस्कोच्या आधाराने. पुलंना युनेस्कोची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते १९५८ च्या सुमाराला लंडनला बी.बी.सी.मध्ये टीव्हीचं काम शिकायला गेले. नाटकात मोठ्याने बोलायचं असतं, सिनेमात तुकड्या-तुकड्यानं, रेडिओत नुसत्या आवाजाने. टीव्हीचं तंत्र यापेक्षा निराळं. माणूस घरात येऊन समोर बसल्यासारखा बोलला पाहिजे. ज्याने गल्लीत, चाळीत, मित्रांच्या बैठकीत नकला करून माणसं हसवली त्याला हे शिकायला फार वेळ लागला नसावा. त्या प्रवासावरचं ‘अपूर्वाई’ हे पुस्तक अजून तालुक्याच्या वाचनालयात मिळतं, आणि बहुतेक वेळा ते फाटलेलंच असतं.

१५ सप्टेंबर १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते दिल्लीचं केंद्र सुरू झालं. केंद्र कसलं, एक छोटा स्टुडिओ. कार्यक्रम आठवड्यातून दोनदा. दिसणार दिल्लीभोवती सुमारे ४० किलोमीटरपर्यंत, तेही लोकांनी एकत्र बसून बघण्यासाठी ठेवलेल्या मोजक्या संचांवर. त्या पहिल्या तुकडीत निर्माता म्हणून पुलं होते. पंतप्रधान नेहरूंची भारतीय दूरचित्रवाणीवरची पहिली मुलाखत घेण्याचा मान त्यांच्याकडे जातो. एकेकाळी कलेक्टर कचेरीत कारकुनी केलेला माणूस देशाच्या पंतप्रधानासमोर कॅमेरा लावून बसला.

टीव्ही गावाकडे वळायला मात्र वेळ लागला. ‘कृषिदर्शन’ सुरू झालं ते २६ जानेवारी १९६७ ला, दिल्लीजवळच्या ८० खेड्यांसाठी. मुंबईचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चं, आणि मग ‘आमची माती, आमची माणसं’ आपल्या ओळखीचं झालं. तोवर पुलं तिथून निघूनही गेले होते. सरकारी नोकरीत टिकून राहिले असते तर वर चढले असते, मोटार-बंगला मिळाला असता. पण फायलीवर शेरे मारणं हा त्यांचा पिंड नव्हता. ‘अंमलदार’ हे नाटक त्यांनी नोकरीच्या आधीच लिहिलं होतं. मूळ रशियन लेखक गोगोलचं. वरून तपासणीला कुणी येणार अशी हूल उठते आणि एका भलत्याच उडाणटप्पूला साहेब समजून सगळे अधिकारी त्याच्या पुढे-मागे करतात. ऑडिटच्या आदल्या दिवशी ज्यांनी दप्तर जुळवलंय त्यांनी हे जरूर वाचावं.

१९६१ ला ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर आणली. पाठोपाठ ‘वाऱ्यावरची वरात’ आली. तिकिटासाठी रांगा लागल्या. पुढे कॅसेटी निघाल्या आणि पुलं टपरीवर, एस.टी. स्टँडवर, ट्रॅक्टरच्या टेपवरसुद्धा ऐकू यायला लागले.

एक आक्षेप त्यांच्यावर नेहमी घेतला जातो आणि तो सरळ सांगितला पाहिजे. पुलंचा सगळा विनोद पांढरपेशांचा, चाळीतला, पार्ल्यातला. शेतात राबणारा माणूस त्यात पाहुण्यासारखा येतो. हे बऱ्याच अंशी खरं आहे. पाऊस गेला, सोसायटीचं कर्ज थकलं, हे त्यांच्या लिखाणात सापडायचं नाही. मात्र दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ ला आलं तेव्हा त्याला जाहीर दाद देणाऱ्यांत पुलं पुढे होते. जे आपल्याला लिहिता येत नाही ते दुसऱ्याने लिहिलं तर त्याच्यासाठी उठून उभं राहणं, हे सगळ्या लेखकांना जमत नाही.

आणि पैसा. प्रयोगांतून, पुस्तकांतून बक्कळ पैसा आला. त्याचा मोठा भाग पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानकडे गेला आणि तिथून संस्थांना. कुणाला किती द्यायचे, पावती आली का, पैसा सांगितल्या कामालाच लागला का, हे सुनीताबाई डोळ्यांत तेल घालून बघत. व्यसनात बुडालेल्या पोरांवर अनिल अवचटांनी लिहिलेलं वाचून या दोघांनी एक लाख रुपये पुढे केले. १९८६ ला पुण्यात डॉ. अनिता अवचटांचं मुक्तांगण उभं राहिलं. दारूने घर बसलेली खेड्यापाड्यातली किती माणसं तिथून परत आली, हे ज्याच्या त्याच्या गावाला माहीत आहे.

१९७४ ला इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत जनता पक्षासाठी गावोगाव सभा घेतल्या, लोक हसले, टाळ्या पडल्या, पक्ष निवडून आला. पुलं काही न मागता लिहायच्या टेबलावर परत गेले. १९९६ ला पहिला महाराष्ट्रभूषण पुरस्कार त्यांना मिळाला. तो घेतानाही सत्तेवर असलेल्यांना चार खडे बोल सुनावले आणि ते व्हायचे तसे झोंबलेही.

शेवटची वर्षं कंपवाताने त्रासाची गेली. पेटीवर भरभर फिरणारी बोटं थरथरू लागली. १२ जून २००० ला पुण्यात पुलं गेले. त्या दिवशी त्यांच्या लग्नाला बरोबर ५४ वर्षं झाली होती.