आठवड्याला एक सू : धन्यवादित पॉलिन जारिको

ऑक्टोबर महिन्यांतील मिशन रविवारीं देवळांत थैली फिरूं लागली कीं आपले हात आपोआप खिशाकडे जातात. ह्या रिवाजाच्या मुळाशीं फ्रान्स देशांतील एका रेशीम व्यापाऱ्याची मुलगी आहे, हें आपल्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. ज्युबिलीच्या पुस्तिकेंत देणगीदारांचीं नांवें छापण्याची चाल आहे आणि ती योग्यच आहे. परंतु जिनें जगभरच्या मिशनांस दात्यांची फौज मिळवून दिली आणि जिचें नांव त्या कार्याच्या चालकांनीं बराच काळ घेतलें नाहीं, तिची हकीकतहि अशा पुस्तिकेंत असावी असें वाटतें.

पॉलिनचा जन्म २२ जुलै १७९९ रोजीं लियों शहरांत झाला. सात भावंडांतील ती शेंडेफळ. राज्यक्रांतीच्या वादळाचे ते दिवस. सरकारापुढें मान न तुकविणाऱ्या एका धर्मगुरूनें तिला घरींच गुपचूप बाप्तिस्मा दिला. वडील आंत्वान जारिको हे खेड्यांतून शहरांत येऊन कष्टानें वर आले होते. घरांत सुबत्ता होती, भक्ति होती, आणि मुलगी दिसावयास देखणी असल्यामुळें लाडहि होते. १८१४ सालीं घरांतील काम करतांना ती चौरंगावरून पडली आणि दीर्घकाळ अंथरुणास खिळली. त्याच दुखण्याच्या दिवसांत तिची आई वारली, आणि ती बातमी घरच्यांनीं कांहीं काळ तिच्यापासून लपवून ठेविली.

बरी झाल्यावर पॉलिन पुन्हा रेशमी पोषाख आणि दागिने यांत रमली. १८१६ च्या उपवासकाळांत ती अशीच नटूनथटून सें-निझिये येथील देवळांत गेली असतां फादर वुर्त्स यांचें खोट्या मोठेपणावरील प्रवचन तिच्या कानीं पडलें. तें तिच्या अंतःकरणांत इतकें खोल रुतलें कीं प्रवचन संपतांच ती त्यांच्याकडे गेली आणि तिनें पापनिवेदन केलें. दागिने विकले, पैसा गरिबांस दिला, आणि कारखान्यांतील मजूर बायका घालीत तसला जाडाभरडा झगा ती घालूं लागली. त्याच वर्षीं नाताळच्या सणास फूर्व्हिएरच्या टेकडीवरील पवित्र मरियेच्या देवळांत तिनें आजन्म ब्रह्मचर्याचें व्रत घेतलें. मठांत मात्र ती गेली नाहीं. जन्मभर साधी प्रापंचिक स्त्री म्हणूनच राहिली.

दागिने विकून दान करणें हें श्रीमंताच्या मुलीस जमण्यासारखें आहे. पॉलिनचें खरें मोठेपण त्यापुढें दिसतें. तिचा भाऊ फिलेआस पॅरिस येथें धर्मगुरु होण्यासाठीं शिकत होता. परदेशीं जाणाऱ्या मिशनऱ्यांच्या संस्थेस पैशाची किती चणचण आहे, हें तो बहिणीस पत्रांतून कळवी. पॉलिनची ओळख मोठमोठ्या घराण्यांशीं होती. एकेका धनिकाकडून मोठी रक्कम मागणें तिला कठीण नव्हतें. तिनें तसें केलें नाहीं. एके संध्याकाळीं घरांतील मंडळी पत्ते खेळत असतां ती शेकोटीपाशीं बसून विचार करीत होती, आणि तेथेंच तिला ती योजना सुचली असें सांगतात. योजना अगदीं सोपी. प्रत्येक माणसानें दर आठवड्यास एक सू द्यावा. सू म्हणजे फ्रँकचा विसावा भाग, आपल्याकडील जुन्या ढबू पैशासारखें तांब्याचें नाणें. ज्यानें देण्याचें कबूल केलें त्यानें आणखी दहा जण शोधावे. दहा दहांच्या गटांवर एक मुख्य, शंभर शंभरांवर आणखी एक. बरोबर देणग्यांची यादी चाले, तशीच प्रार्थनाहि चाले. पहिल्यानें ह्या गटांत आल्या त्या तिच्या मेहुण्याच्या सें-व्हालिये येथील कारखान्यांतल्या मजूर मुली. आठवड्याचा सू त्यांस जड होता, पण अशक्य नव्हता; आणि ज्यानें दिला त्याला आपण चीनमधल्या वा अमेरिकेंतल्या मिशनचे भागीदार झालों, असें वाटूं लागलें.

त्याच सुमारास लुइसियानाच्या मिशनसाठीं मदत मिळवावी म्हणून लियों येथील कांहीं भाविक गृहस्थांचा खल चालला होता. ३ मे १८२२ रोजीं त्यांची सभा भरली. एकाच मिशनासाठीं न मागतां जगांतील सर्व मिशनांसाठीं मागावें, असा ठराव तेथें झाला. पॉलिनच्या गटांची पद्धतहि त्यांनीं उचलली, आणि धर्मप्रसार मंडळ स्थापन झालें. पुढें ह्या मंडळाचा पैसा पांची खंडांत पोहोंचला. आपल्या हिंदुस्थानांतील मिशनांसहि त्याचा वांटा मिळाला. १९२२ सालीं अकरावे पायस पोपसाहेब यांनीं मंडळाचें ठाणें रोमला नेऊन त्यास परमगुरूंचें मंडळ हा दर्जा दिला, आणि १९२६ पासून मिशन रविवार सुरू झाला.

पॉलिन मात्र १८२२ च्या सभेंत नव्हती. मंडळाचा कारभार पुरुषांच्या हातीं गेला आणि ती बाजूस राहिली. तिनें तक्रार केली नाहीं. १८२६ सालीं तिनें जिवंत जपमाळेची संघटना उभी केली; पंधरा जणांनीं मिळून पंधरा रहस्यें वांटून घ्यावीं, प्रत्येकानें रोज एकच रहस्य जपावें. हिशेब तोच, नाण्याऐवजीं प्रार्थनेचा! सोळावे ग्रेगरी पोपसाहेब यांनीं १८३२ सालीं तिला मान्यता दिली.

१८३१ आणि १८३४ सालीं लियोंच्या विणकरांनीं बंड केलें. सैन्याच्या तोफा शहरावर चालल्या. फूर्व्हिएरच्या उतारावर राहणाऱ्या पॉलिननें तें सर्व जवळून पाहिलें. मजुरास भिक्षा नको, योग्य मजुरी आणि माणसासारखें घर पाहिजे, हा विचार तिच्या मनांत घर करून बसला. १८४५ सालीं तिनें व्होक्लूझ प्रांतांत रुस्त्रेल येथील लोखंडाचा कारखाना घेतला. तेथें कामकऱ्यांचीं कुटुंबें सुखानें राहतील, शाळा असेल, देऊळ असेल, आणि नफा सत्कार्याकडे जाईल, असा तिचा बेत होता. स्वतःचा पैसा तिनें घातलाच. तिच्या नांवावर विश्वासून कित्येक सामान्य माणसांनींहि आपली पुंजी तिच्या हवालीं केली.

ज्यांच्या हातीं तिनें कारभार दिला त्यांनीं तिला फसविलें. पैसा भलत्याच वाटेस गेला आणि थोड्याच काळांत कारखाना बुडाला. येथें स्पष्ट लिहिणें भाग आहे. पॉलिनचा हेतु शुद्ध होता, पण दुसऱ्याच्या पैशाची जोखीम घेतांना हिशेबाची वही दुसऱ्यावर सोंपवून चालत नाहीं. सू-सूचा हिशेब ठेवणाऱ्या ह्या बाईनें येथें मात्र चूक केली. ती चूक तिनें कोणावर ढकलली नाहीं. दिवाळें काढून मोकळें होणें सोपें असतां, जे गरीब आपली पुंजी गमावून बसले होते त्यांचे पैसे आधीं परत करावे म्हणून ती दारोदार हिंडली. धर्मप्रसार मंडळाकडेहि तिनें मदत मागितली. तिला संस्थापिका म्हणून मानावयास चालक तयार नव्हते. मदत मिळाली नाहीं. आठवड्याचा सू देण्यास जिनें जगाला शिकविलें, तिचें नांव लियोंच्या निराधारांच्या सरकारी यादींत चढलें.

आर्स येथील धर्मगुरु संत जॉन व्हिआने हे तिचे जुने स्नेही. १८५९ सालीं कडाक्याच्या थंडींत ती त्यांस भेटावयास गेली. त्यांच्यापाशींहि पैसा नव्हता. त्यांनीं तिला एक लांकडी क्रूस दिला, आणि तो घेऊन ती परत लियोंस आली. हृदयविकारानें शरीर खंगलें होतें, तरी घेणेकऱ्यांस पत्रें लिहिणें आणि जमेल तें फेडणें शेवटपर्यंत चालूच राहिलें. ९ जानेवारी १८६२ रोजीं तिनें देह ठेविला.

पवित्र सभेनें १९६३ सालीं तिचे सद्गुण जाहीर केले आणि २२ मे २०२२ रोजीं लियों येथें तिला धन्यवादित म्हणून घोषित केलें. मंडळाच्या स्थापनेस त्याच महिन्यांत दोनशें वर्षें पुरीं झालीं होतीं. तिच्या अस्थि आज सें-निझियेच्या त्याच देवळांत आहेत, जेथें ती सोळाव्या वर्षीं रेशमी पोषाख करून प्रवचन ऐकावयास बसली होती.