लोकमान्यांचे मंडालेतील पथ्य

लोकमान्य टिळकांचे नाव ठाऊक नाही असा मराठी विद्यार्थी विरळाच. सिंहगर्जना करणारे संपादक, गणेशोत्सवास सार्वजनिक रूप देणारे पुढारी, गीतारहस्याचे कर्ते, ही त्यांची रूपे पाठ्यपुस्तकांतून आपल्या परिचयाची झाली आहेत. परंतु हाच पुरुष दीर्घकाळ मधुमेहाशी झगडत होता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आज ती सांगावी असे आम्हांस वाटते; कारण आपल्या निंबर्ग्यासारख्या गावीही हा रोग आता कोणा परक्याचा राहिलेला नाही.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म 23 जुलै 1856 रोजी रत्नागिरी येथे झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. संस्कृत आणि गणित या दोन्ही विषयांत त्यांची गती होती. मुलाने गणिताची आवड तेथूनच घेतली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिरल्यावर पहिले वर्ष टिळकांनी शरीर कमावण्यात घालविले. तालीम व पोहणे यांत ते इतके रमले की त्या वर्षीची परीक्षा हुकली. पुढे गणित हा विषय घेऊन ते पदवीधर झाले व 1879 मध्ये कायद्याची परीक्षाही उत्तीर्ण झाले. 1880 मध्ये चिपळूणकर, आगरकर व नामजोशी यांच्यासह न्यू इंग्लिश स्कूलच्या कार्यास त्यांनी वाहून घेतले; 1881 मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली.

कमावलेली ही देहसंपत्ती पुढे कारावासाने झिजत गेली. 1897 मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांस दीड वर्षाची शिक्षा झाली. वर्षभराने सुटका झाली तेव्हा प्रकृती पार खालावली होती. 1908 मध्ये पुन्हा खटला झाला आणि 22 जुलै रोजी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यात आली. त्या वेळी ते जवळजवळ बावन्न वर्षांचे असून मधुमेहाने ग्रस्त होते. ही शिक्षा पुढे साध्या कैदेत बदलण्यात आली व त्यांस ब्रह्मदेशातील मंडाले येथे नेण्यात आले.

त्या काळी मधुमेह म्हणजे काय होते, हे विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावे. इन्शुलिनचा शोध लागलेला नव्हता. बोटाच्या थेंबभर रक्तावरून घरच्या घरी साखर मोजण्याचे यंत्र नव्हते. वैद्य आणि डॉक्टर यांच्या हाती मुख्य उपाय एकच, तो म्हणजे पथ्य. लहान वयात हा रोग जडलेली मुले तर कितीही कडक पथ्य पाळले तरी बहुधा वर्षा-दोन वर्षांत दगावत; कारण त्यांच्या शरीरात इन्शुलिन जवळजवळ निर्माणच होत नसे. प्रौढ वयात जडणाऱ्या मधुमेहात ते थोडेबहुत तयार होत राहते. म्हणून अशा रोग्यास आहार आवरून पुष्कळ वर्षे काढता येत.

मंडालेचा उन्हाळा प्रखर आणि तुरुंगातील खोली लाकडी. तेथे टिळकांनी भात व गहू बाजूस सारून सातूच्या, म्हणजे जवाच्या, पिठावर भर दिला. कोकणात जन्मलेल्या माणसास भात सोडणे किती जड जाते, हे आम्हां कोकणी बोलणाऱ्या घरांतील माणसांस निराळे सांगावयास नको. परंतु आहाराचा हा नेम त्यांनी सांभाळला, आणि त्याच बंदिवासात जर्मन, फ्रेंच व पाली भाषांचा अभ्यास केला. 1910-11 च्या हिवाळ्यात काही महिन्यांत पेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढले. 1912 मध्ये पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्याची वार्ता त्यांस तेथेच सोसावी लागली. जून 1914 मध्ये ते पुण्यास परतले. पुढच्या वर्षी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर होमरूलचे दौरे झाले आणि 1918-19 मध्ये विलायतेचा प्रवासही झाला. 1 ऑगस्ट 1920 रोजी मुंबईच्या सरदारगृहात तापाच्या आजारात त्यांचे देहावसान झाले.

त्यानंतर वर्षभरातच, 1921 मध्ये, कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांच्या प्रयोगांतून इन्शुलिन हाती आले आणि जानेवारी 1922 मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलास ते प्रथम टोचण्यात आले. मरणाच्या दारी असलेली मुले शाळेत जाऊ लागली.

इन्शुलिनमुळे पथ्य संपले नाही, त्याचे रूप मात्र बदलले. पूर्वी धान्य बदलीत किंवा उपास करीत. आता अन्नातील कर्बोदके मोजतात. कर्बोदके म्हणजे अन्नातील पिष्ट व साखर. रक्तातील साखर मुख्यत्वे त्यांनीच वाढते. कोरड्या तांदळात शंभर ग्रॅममागे सुमारे 78 ग्रॅम कर्बोदके असतात. ज्वारीच्या पिठात सुमारे 70. जवातही ती पुष्कळच असतात. फरक एवढाच की त्यातील तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश उतरते. म्हणून नुसते धान्य बदलून भागत नाही, माप पाहावे लागते. आपल्या घरी 50 ग्रॅम पिठाची एक भाकरी थापली तर तिच्यात अदमासे 35 ग्रॅम कर्बोदके आली. तिच्याबरोबरच्या तुरीच्या वरणातही ती असतात, तेही हिशेबात धरावयाचे. पंधरा ग्रॅमचा एक वाटा मानण्याची रीत रूढ आहे. त्या मापाने ही भाकरी सव्वादोन वाट्यांहून किंचित अधिक भरते. साखरेऐवजी गूळ चालतो ही समजूत खोटी आहे. गूळही बहुतांशी साखरच होय.

इन्शुलिन घेणारा मुलगा हा हिशेब करून डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात मात्रा घेतो. त्यास भाकरी वर्ज्य नाही, सणाचा घासही वर्ज्य नाही. मोजणे मात्र चुकवून चालत नाही. अशा मुलाने वर्गात मध्येच काही खाल्ले तर हसू नये. रक्तातील साखर उतरल्यास तत्काळ गोड खाणे हाच त्याचा औषधोपचार असतो. आणि हा रोग त्याच्या खादाडपणाने जडला असे तर कोणीही म्हणू नये.

टिळकांच्या निग्रहाचे कौतुक आपण करावेच. परंतु 1922 पूर्वी दगावलेल्या बालकांत निग्रहाची उणीव होती असे नव्हे. उणीव औषधाची व ज्ञानाची होती. गणिताचा व्यासंग असलेल्या लोकमान्यांच्या हाती आजचे हे कोष्टक पडते, तर त्यांनी ते किती तत्परतेने मांडले असते! ते आज आपल्या हाती आहे. ज्या घरी हा रोग आला असेल तेथे आमच्या विद्यार्थ्यांनी पाटी-पेन्सिल घेऊन बसावे आणि आजी-आजोबांच्या ताटाचा हिशेब मांडून द्यावा. शाळेत शिकलेल्या त्रैराशिकाचा याहून चांगला उपयोग आम्हांस सुचत नाही.