तेरचे काका

तेर हे गाव तुम्हाला बहुधा इतिहासाच्या पुस्तकामुळे माहीत असेल. रोमपर्यंत व्यापार करणारं जुनं तगर ते हेच. पण चैत्र वद्यात तिथं जा, तगरचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नसतं. भर उन्हात तेरणेच्या काठी गोरोबाकाकांच्या समाधीपाशी गर्दी असते. शके १२३९ च्या चैत्र वद्य त्रयोदशीला, म्हणजे २० एप्रिल १३१७ ला, काका गेले असं परंपरा मानते. सातशे वर्षं होऊन गेली, आणि लोक अजूनही घरचं माणूस गेल्यासारखा तो दिवस पाळतात.

हे ‘काका’ प्रकरण गमतीचं आहे, बरं का. परंपरेनं दिलेली सालं जुळवून बघा. गोरोबांचा जन्म १२६७ चा, नामदेवांचा १२७० चा, ज्ञानेश्वरांचा १२७५ चा. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली, तेव्हा काका जेमतेम एकोणतीस वर्षांचे! मुक्ताबाई तर तुमच्या फर्स्ट इयरच्या वयाची. तरीही या सगळ्या पोरांनी त्यांना वडीलकी दिली.

संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईनं त्यांना सांगितलं, थापटणं घ्या आणि कोणतं मडकं कच्चं ते बघा. तुम्ही माठ घेताना वाजवून बघता ना, तसंच. नीट भाजलेला खणखणतो, कच्चा बद्द वाजतो. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेव चिडले. काकांनी त्यांनाच कच्चं ठरवलं. ते दुखावून गेले खरे, पण त्यातूनच पुढं विसोबा खेचरांकडं पोचले.

दुसऱ्याला असं ठोकून बघणाऱ्या या माणसाच्या घरात काय झालं होतं, ते ऐकायला सोपं नाही. बायको संती पाण्याला गेली. जाताना लेकराकडं लक्ष ठेवा म्हणून सांगून गेली. काका विठ्ठलाचं नाव घेत चिखल तुडवत होते. रांगतं मूल पायाखाली आलं आणि त्यांना कळलंच नाही. संती परतली, तर चिखल लाल झालेला.

ही गोष्ट बहुतेक वेळा काकांची तल्लीनता सांगायला वापरली जाते. मला तिथं नेहमी अडखळायला होतं. संतीनं आक्रोश केला, तर भजन मोडलं म्हणून काका तिला मारायला धावले. तिनं विठ्ठलाची शपथ घातली, यापुढं मला शिवायचं नाही. काकांनी ती इतकी पाळली, की संतीनं आपली बहीण रामी त्यांना करून दिली तेव्हा तिलाही शिवले नाहीत. सासऱ्यांनी दोघींना सारखंच वागवा असं बजावलं होतं ना! एका रात्री झोपेत बहिणींनी त्यांचे हात आपल्या अंगावर ठेवले. जाग आल्यावर काकांनी ते हातच तोडून टाकले. हात नसलेला कुंभार! मग म्हणे विठोबाच कुंभार होऊन त्यांच्या घरी मडकी घडवायला राहिला.

शेवट पंढरपुरात होतो. नामदेवांच्या कीर्तनात सगळ्यांनी हात वर केले, काकांनी थोटके दंड उचलले आणि त्यांना हात फुटले. संतीनं देवापुढं आपलं मूल मागितलं, तेव्हा तेही रांगत आलं. महिपतींनी १७६२ मध्ये ‘भक्तविजया’त ही कथा लिहिली. तोवर जवळपास साडेचारशे वर्षांचा काळ गेला होता, त्यामुळं घडलं काय आणि रचलं किती, हे शोधत बसण्यात अर्थ नाही. पण हे बघा, एवढ्या पिढ्यांत कुणालाही संतीला रिकाम्या हातानं घरी पाठवावंसं वाटलं नाही. काकांना मान देताना तिचं दुःखही लोकांनी सांभाळलं, असं मला वाटतं.

काकांचे स्वतःचे अभंग वीसेकच उरलेत. गोष्ट मात्र लांबवर गेली. अशोकजी परांजपे यांनी नाटक लिहिलं, त्याला जितेंद्र अभिषेकींचं संगीत होतं. १९७४ मध्ये कन्नडमध्ये राजकुमार पडद्यावर गोरोबा झाले. आणि काकांची पालखी आजही तेरहून पंढरपूरला चालत जाते.