न मिटलेले खाते

बँकेत कर्जवसुली करताना मला ब्रिगहॅम यंग हा सुतार हटकून आठवे. १८४४ साली इलिनॉयमध्ये जमावाने जोसेफ स्मिथला तुरुंगातच गोळ्या घातल्या. पोरके झालेले मॉर्मन यंगने सावरले. फेब्रुवारी १८४६ मध्ये कडाक्याच्या थंडीत नॉव्हू सोडून, मिसिसिपी ओलांडून, तो जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या रुक्ष खोऱ्यात पोचला. ओढ्यांचे पाणी पाटाने शेतात खेळवले. १८४९ मध्ये गरिबांच्या प्रवासासाठी निधी काढला: आलेल्याने कर्ज फेडायचे, त्यातून पुढच्याने यायचे. तारण एकच, श्रमाने फेडण्याचा करार.

पण १८५७ मध्ये माउंटन मेडोज येथे त्याच्याच पंथीयांच्या सशस्त्र पथकाने सुमारे १२० वाटसरू मारले. यंगचा त्यातला वाटा आजही वादात आहे. छळ सोसलेल्याला दुसऱ्याचे दुःख दिसतेच असे नाही. १८७७ मध्ये यंग वारला. माझ्या मनातले त्याचे खाते मात्र अजून मिटलेले नाही.