वाटाण्याचा कोंब आणि आगकाड्या

दादासाहेब फाळके हे नाव उच्चारताच ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो आणि बहुतेकांची आठवण तेथेच थांबते. ते स्वाभाविकही आहे. परंतु हरिश्चंद्राच्या आधी एक वाटाणा होता आणि नंतर काही आगकाड्या होत्या, याचे स्मरण फारसे कोणी करीत नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी, एका संस्कृत पंडिताच्या घरी झाला. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे सयाजीराव महाराजांच्या बडोद्यातील कलाभवनात त्यांनी चित्रकला व छायाचित्रणाचे शिक्षण घेतले. महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकाने हे बडोदे मुद्दाम ध्यानात ठेवावे. गोध्र्यात छायाचित्रकाराचा व्यवसाय, प्लेगमध्ये पहिल्या पत्नीचे व अपत्याचे निधन, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, नंतर छापखाना. एकही व्यवसाय त्यांना फार काळ बांधून ठेवू शकला नाही. मधल्या काळात ते जादूचे प्रयोगही करीत. त्यासाठी आडनावाची अक्षरे फिरवून त्यांनी ‘प्रोफेसर केल्फा’ हे नाव घेतले होते. हा जादूगार त्यांच्यातून पुढेही कधी गेला नाही.

१९११ मध्ये मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून त्यांना नव्या कलेचा ध्यास लागला. अहोरात्र चित्रपट पाहण्याने व जागरणांनी काही काळ दृष्टीच अधू झाली. ती सुधारल्यावर विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. तेथे त्यांनी तंत्र पाहून घेतले आणि कॅमेऱ्याची मागणी नोंदवली.

कॅमेरा आला, पण भांडवल कोण देणार? सावकाराला कला समजावून सांगता येत नाही, ती दाखवावी लागते. फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोखला आणि महिन्याहून अधिक काळ त्या कुंडीची चित्रे टिपत राहिले. पडद्यावर बी रुजले, कोंब वर आला, वेल चढला, आणि हे सारे मिनिटाभरात! ‘अंकुराची वाढ’ या इवल्या चित्रपटाने कर्ज मिळवून दिले. भारतीय चित्रपटाचा पाया एका वाटाण्याने घातला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

या साऱ्यात सरस्वतीबाईंचा वाटा मोठा होता. दागिने गहाण पडले, तरी त्यांनी तक्रार केली नाही. फिल्मच्या कडेला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे आणि शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करणे, हे सारे त्यांनी केले. त्यांचे नाव ज्या ठळकपणे घेतले जावयास हवे होते, त्या ठळकपणे ते घेतले गेले नाही.

३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. त्याच वर्षी फाळक्यांनी नाशकास बिऱ्हाड हलवले. पाठोपाठ महायुद्ध पेटले, भांडवलदारांनी हात आखडता घेतला आणि मोठ्या चित्रपटांचे काम अडले. या ओढगस्तीच्या काळात, १९१५ मध्ये, त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला. त्यात नट नव्हते, राजवाडा नव्हता, भरजरी वस्त्रे नव्हती. होत्या केवळ आगपेटीतल्या काड्या. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. मूकपटाच्या त्या काळात पडद्यावरील एका सेकंदाला सुमारे सोळा चित्रे लागत. म्हणजे एका मिनिटासाठी साडेनऊशेच्या आसपास. फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ मध्ये आगकाड्यांना असेच चालते केले होते. आपल्याकडे मात्र अशी वाट मळलेली नव्हती.

पौराणिक चित्रपटांच्या भव्यतेपुढे ही कृती किरकोळ वाटते. परंतु पैसा, माणसे आणि साधने आटली असताना हाताशी उरलेल्या क्षुल्लक वस्तूत प्राण फुंकणारे फाळके, लंकादहन घडवणाऱ्या फाळक्यांहून उणे ठरत नाहीत.

पुढे १९१७ मध्ये ‘लंकादहन’, नंतर हिंदुस्थान फिल्म कंपनी, भागीदारांशी मतभेद आणि १९३७ मध्ये अखेरचा ‘गंगावतरण’ असा प्रवास झाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ पासून त्यांच्या नावे राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भाग आज पाहावयास मिळतो, आगकाड्यांचा तो खेळ मात्र काळाच्या ओघात हरवला आहे.